चाकवाल्याची पेटी

चिखलीतल्या आमच्या दुकानाच्या माळ्यावर पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांच्यावर नावं नाहीत, चित्रं आहेत. धंदा वडिलांनी सुरू केला, आणि अक्षरांपेक्षा त्यांचा चित्रांवर भरवसा जास्त होता. एका पेटीवर धनुष्य, एकीवर रथाचं चाक, एकीवर मांडी. ती मांडी कमी आणि दुधी भोपळा जास्त दिसते, पण ज्याला कळायचं त्याला कळतं. त्यामुळे भावाभावांच्या त्या थोरल्या युद्धाची गोष्ट आमच्या घरात पेट्यांवरूनच चालते. धनुष्यवाला, चाकवाला, मांडीवाला. माझ्या मुलीला शाळेत बाईंनी विचारलं, सूर्याचा मुलगा कोण? तिनं ठणकावून सांगितलं, चाकवाला. दुसऱ्या दिवशी मला शाळेत बोलावणं आलं.

आमचा धंदा ड्रेपरीचा. नाटकाला लागणारे कपडे, मुकुट, दागिने, दाढ्यामिशा भाड्यानं द्यायच्या, गावात जाऊन पात्रं सजवायची आणि खेळ संपला की सगळं गोळा करून परत आणायचं. मी स्वतः कधी रंगमंचावर गेलो नाही. शाळेत एकदा झाडाचं काम मिळालं होतं, त्यातही मी हललो. तेव्हापासून मी विंगेतला माणूस. पण विंगेत राहिल्यामुळे एक झालं. पंडित लोक नायक आणि दुर्दैवी पुरुष यांची तुलना ग्रंथ लावून करतात, ती मला आयतीच इस्त्री करता करता करायला मिळाली.

पहिली गोष्ट अशी की धनुष्यवाल्याचे कपडे जसे जातात तसे परत येतात. त्याला घाम येत नाही. रथ दुसरा हाकतो, काय करायचं ते दुसरा सांगतो, बाणसुद्धा मागे उभा असलेला माणूस हातात देतो. चाकवाल्याचे कपडे मात्र गुडघ्यावर फाटलेले, काखेत उसवलेले, मातीनं माखलेले येतात. ते शिवायचं काम आमच्या मंदाकडे, म्हणजे सौभाग्यवतींकडे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, "हा मानूस दरसाल मरते, आन सुईदोरा माह्या मागं लागते."

दुसरी गोष्ट मला बऱ्याच उशिरा उमगली. जो जिंकणार असतो, त्याला नाटकभर काही ना काही मिळत जातं. शस्त्र मिळतं, बायको मिळते, शेवटी राज्य मिळतं. आम्ही त्याच्या अंगावर चढवत जातो. जो हरणार असतो, त्याचं एकेक काढून घेतलं जातं. कानातलं जातं, कवच जातं, विद्या जाते, शेवटी चाक जातं. म्हणून हरणाऱ्याचे कपडे चटकन सुटतील असे शिवावे लागतात. जिंकणाऱ्याला गाठ मारली तरी चालते. हरणाऱ्याला पूर्वी हूक लावायचो, आता वेल्क्रो.

आणि तरीही गावोगाव भांडण हरणाऱ्याच्या पेटीवरून. धनुष्यवाला व्हायला कोणी तयार होत नाही. त्याची समजूत काढावी लागते, मुकुट एक बोट उंच द्यावा लागतो. दुसरबीडकडच्या एका गावात किराणा दुकानदार मांडीवाला झाला होता. शेवटच्या गदायुद्धात त्याच्या मांडीवर गदा बसते, म्हणून आम्ही आत चिंध्यांची उशी बांधतो. यानं आरशात बघून स्वतःच बांधली आणि ती डाव्या मांडीला गेली. समोरच्यानं उजवीवर हाणली. दुकानदार "मेलो रे मायऽऽ" म्हणून जो ओरडला, की पंचक्रोशीत तसा अभिनय कोणी पाहिला नव्हता. लोक टाळ्या थांबवेनात. आणि टाळ्या थांबत नाहीत म्हणून हा पडेना! सारथ्याचं काम करणारे गुरुजी दातओठ खाऊन म्हणाले, "शेठ, पडा आता." हा कळ दाबत म्हणाला, "थांबा जी, लोकं पाहून राह्यले." त्या गावात आजही जिंकलेला कोण होता ते कुणाला आठवत नाही.

बायांचं मात्र उलटं. शेगावला एका शाळेच्या स्नेहसंमेलनात वनात सोडलेल्या राणीचं काम होतं. मी सुती, मातकट रंगाची, फार सुंदर साडी काढून दिली. एकही मुलगी ती नेसायला तयार होईना. सगळ्यांना पहिल्या अंकातली जरीची हवी. मी घरी येऊन मंदाला म्हटलं, पुरुष रडायच्या कामासाठी भांडतात आणि पोरींना ते नको, काय कारण असेल? ती पोळी लाटत होती. म्हणाली, "बायांले ते काम घरी पुरते."

आता नाटकंच कमी झाली. दुकान चालतं ते लग्नाआधीच्या फोटोंवर. सिंदखेडराजाकडे, लोणारकडे जोडपी राजाराणीच्या पोशाखात फोटो काढायला जातात. मुकुट मागतात, तलवारी मागतात. चाकवाल्याची पेटी मात्र आजवर एकाही नवरदेवानं मागितली नाही.

ती पेटी वर्षातून एकदा हमखास खाली उतरते, अमडापूरच्या पुढच्या एका गावासाठी. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते त्या गावाचं घरगुती आहे. तिथं जत्रेला युद्धाचं नाटक होतं आणि चाकवाला असतो हमीदभाऊ. ट्रॉल्या आणि नांगर जोडायचं त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. माणूस उंच, आवाज असा की माईक बंद पडला तरी फरक पडत नाही. त्याचा हट्ट एकच, की चाक थर्माकोलचं नको. लोखंडी धाव असलेलं खरं बैलगाडीचं चाक तो मातीच्या ओट्यात खड्डा करून रुतवायचा. मग "निघत नाही, निघत नाही" म्हणत त्याच्याशी असा झुंजायचा, की समोर बसलेल्या माणसांचे दंड फुगायचे.

त्या गावाची एक रीत आहे. काम मागायचं नाही. जत्रेच्या आठवडाभर आधी पेटी ज्याच्या घरी जाते, ते काम त्याचं. तो स्वतः होऊन "आता दुसऱ्याले द्या" म्हणेल तेव्हाच ते सुटतं. जिवंत माणसाचं काम मागणं म्हणजे त्याला जिवंतपणी खांदा देणं, असं तिथं मानतात. मंडळाच्या अध्यक्षालाही तो अधिकार नाही.

गेल्या जत्रेच्या आधी हमीदभाऊची बायको, जुलेखाभाबी, एकटीच दुकानात आली. अमडापूरहून एसटीनं आली होती. पाणी दिलं, ते प्यायली आणि इकडंतिकडं बघत म्हणाली, "दिगूभाऊ, मी आली हे घरी सांगाचं नाई."

"नाही सांगत. काय झालं?"

"त्यायचं छातीचं आपरेशन झालं. संभाजीनगरले. गावाले सांगतलं का लेकीकडं गेल्ते."

मी हातातली मिशी खाली ठेवली.

"डाक्टरनं सांगतलं, वजन नाई, जोर नाई, वरडनं नाई. आन हे मानूस घरी चाकाले तेल देऊन राह्यलं."

"तुम्ही सांगा ना त्याला."

"मी सांगून थकली. मनते, मले एकडाव मरू दे, मंग बसतो. भाऊ, मले त्यायच्या त्या मरन्याची सवय हाये. दुसऱ्याची नाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी काहीबी करा. पेटी नका देऊ."

पेटी न देणं मला जमण्यासारखं नव्हतं. एक गिऱ्हाईक तोडलं की दहा गावांत बोभाटा होतो, शिवाय हमीदभाऊ दुकानावर येऊन ती खांद्यावर टाकून नेणार, तेही वजनच. मी नेहमी करतो ते केलं, म्हणजे सरळ बोलायचं सोडून डोकं चालवलं. मंदाला सांगितलं, कवच दोन इंच आत घे. अंगात शिरलंच नाही की म्हणू, भाऊ, तुम्ही आता मापात बसत नाही. ड्रेपरीवाल्याचं हे जुनं हत्यार आहे. इतर गावांत कुणाला काम नाकारायचं असलं की मंडळ आमच्यावर सोपवतं आणि आम्ही सगळं पाप टेपवर ढकलतो.

हमीदभाऊ आला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी त्याच्या अंगात कवच शर्टावरूनच चढवलं आणि दोन पावलं मागे सरून तोंड पाडायच्या तयारीनं उभा राहिलो. कवच त्याच्या अंगावर घंटेसारखं लोंबत होतं. माणूस इतका वाळला होता की दोन इंच आत घेऊनही मधे मांजर बसली असती.

"ढिल्लं झालं बे," तो म्हणाला. "मंदावैनीले सांग, आत घे थोडं."

शिलाई मशीनवरून मंदानं माझ्याकडे जे पाहिलं ते इथं लिहिता येत नाही.

मग उपाय उरला नाही. मी शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, "हमीदभाऊ, यावर्षी ही पेटी मला परत दे."

"भाडं कमी पडलं काय?"

"नाही. पेटी दे. काम सोड."

त्यानं पायानं स्टूल ओढलं. कवच अंगावरच होतं. तसाच बसला. "जुलेखा आल्ती?"

मी म्हटलं, नाही. मला झाडाचं काम जमलं नव्हतं, हे तर अजिबात जमलं नाही.

"आल्ती म्हंजे." तो हसला. "तुले माहीत हाये दिगू, गोष्टीत काय होते? देव बामनाचं सोंग घेऊन येते आन कवच मागते. चाकवाल्याले समजते का हा सोंग घेऊन आला, तरी देते. मी इतकी वर्षं ते काम करून राह्यलो, मले सोंग वळखू येत नाई काय? तू तं मिशीबी नाई लावली."

"त्यात एक फरक आहे," मी म्हटलं. "तो मागतो आपल्या पोराला वाचवायला. मी मागतोय तुला वाचवायला."

"मंग तं तू त्या देवापेक्षाबी वाईट," हमीदभाऊ म्हणाला. "त्यानं मागतलं तं देनाऱ्याची शान वाढली. तू मागून राह्यला तं मी बिमार झालो."

 

तो उठला, वेल्क्रो सोडायला गेला आणि थांबला. "अशी नाई देत. शटराआड काढून दिलं तं चोरी झाल्यावानी होते. मले चारचौघात देऊ दे. पहिला अंक मी करतो, बसून बोलाचं काम हाये, त्यात चाक नाई. कवच मागाले बामन येते, तो तू हो. साऱ्या गावासमोर माग. मंग दुसऱ्या अंकापासून ज्याले द्याचं त्याले द्या."

"मी? स्टेजवर?"

"मागाचं हाये नं तुले? मंग माग की बे. का इस्त्री करता करता मागतो?"

ठरलं तसं. मंडळाला त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं की आता दुसऱ्याले द्या, एवढंच. कारण सांगितलं नाही. दुसऱ्या अंकापासून पुढं अक्षय नावाचा गावातला तरणाबांड गडी घेतला. जिमला जाणारा, दंड असे की आमच्या दंडपट्ट्या त्याला मनगटाला बसल्या.

रात्रीच्या लाउडस्पीकरबंदीच्या भानगडीमुळे तिथं आता नाटक दुपारी चारला उन्हातच सुरू होतं. उन्हात आमचं सगळं सोनं पितळ दिसतं आणि पितळ पत्रा. मी धोतर नेसून, पांढरी दाढी लावून विंगेत उभा. आजवर हजारो माणसांना सांगितलं होतं, घाबरू नका, समोर बघा, आवाज पोटातून काढा. त्यातलं एकही वाक्य मला उपयोगी पडलं नाही. धोतर मात्र मी इतकं घट्ट बांधलं होतं की श्वास घेता येत नव्हता.

माझं वाक्य एकच होतं. "दानशूरा, मला तुझं कवच दे." मी ओट्यावर गेलो. हमीदभाऊ पूजेला बसल्यासारखा समोर बसला होता, चेहऱ्यावर ऊन. खाली बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत जुलेखाभाबी. मी तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. वाक्य पाठ होतं, विसरलो नव्हतो. पण समोर बसलेला माणूस पुराणातला नव्हता. त्याच्याकडून मी खरोखर मागत होतो आणि ते दिल्यावर त्याच्याजवळ काय उरणार होतं हे मला माहीत होतं. लोक चुळबुळले. कुणीतरी म्हणालं, "ड्रेपरीवाल्याची ब्याटरी उतरली."

हमीदभाऊ ओठ न हलवता पुटपुटला, "माग ना बे."

"हमीदभाऊ," मी म्हणालो. नाटकात, गावासमोर, माईकवर. "कवच दे."

तो उभा राहिला. "घे," म्हणाला. संहितेत त्याला भलं मोठं भाषण होतं, ते त्यानं केलं नाही. मी पुढं झालो आणि वेल्क्रो ओढला. त्याच्या गळ्यातल्या माईकमध्ये तो असा खर्रर्रकन वाजला की सगळं पटांगण हसलं. मी कवच काढून हातात घेतलं आणि हसणं तिथंच थांबलं. आत त्यानं बनियन घातलं नव्हतं. गळ्याखालून पोटापर्यंत छातीच्या मधोमध ऑपरेशनची उभी रेघ होती, अजून तांबूस. दरवर्षी त्या जागेवर आम्ही लाल रंगाची रेघ ओढायचो, कवच सोलून काढल्याची. यावर्षी रंगपेटी उघडावी लागली नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. मागे बसलेल्या म्हाताऱ्यानं टोपी काढली, त्याचं पाहून आणखी दोघांनी. अध्यक्ष खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. हमीदभाऊ विंगेत आला नाही. तो समोरच्या पायऱ्यांनी तसाच उघड्या अंगानं खाली उतरला. लोक सरकत गेले आणि तो बायकांच्या बाजूला जुलेखाभाबीजवळ जाऊन बसला. त्या बाजूला पुरुष बसत नाहीत, पण कोणी काही बोललं नाही. भाबीनं आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकली.

"थंडी नाई लागत मले," तो म्हणाला.

"मले लागते तुमाले पाहून," ती म्हणाली.

दाढी काढून मीही त्यांच्या मागे येऊन बसलो. विंगेतले मुकुट मंडळाच्या पोरांच्या हवाली केले.

दुसरा अंक झाला आणि चाकाचा प्रसंग आला. अक्षय रथावरून उतरला, चाकाला दोन्ही हात घातले, "निघत नाही!" म्हणून गर्जला आणि जोर लावला. चाक निघालं.

सरळ, मातीतून, भुईमुगासारखं उपटून आलं. अक्षय ते छातीशी धरून उभा. समोर धनुष्यवाला बाण लावून उभा, त्याला कळेना सोडू की नको. रथावरचा सारथी डोळे मिटून घेतलेला. आणि पटांगणात एकदम कल्ला उठला. "निघालं! निघालं बे!" पोरं नाचायला लागली. कोणी पळायला सांगत ओरडलं, "पय! रथात बस, पय!" इतक्या पिढ्या ज्याला मरताना पाहिलं तो आता वाचतो की काय, या एका आशेनं सगळं गाव उठून उभं राहिलं होतं. मीसुद्धा. मला लाज वाटत नाही सांगायला.

हमीदभाऊ ताडकन उठला होता. हात वर, तोंड उघडलेलं, "ठेव बे ते परत!" त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. भाबीनं त्याच्या शालीचं टोक धरलं.

"निघालं तं निघू द्या," ती म्हणाली.

तो तिच्याकडे पाहत राहिला. ओरडला नाही, खाली बसला. तेवढ्यात ढोलकीवाल्यानं ठरलेली थाप दिली, आणि त्या थापेवर बाण सोडायचा एवढंच शिकवलेल्या धनुष्यवाल्यानं तो सोडला. अक्षय मोकळं झालेलं चाक मिठीत घेऊन खाली पडला. गाव "च्" करून बसलं.

"पाह्यलं?" हमीदभाऊ हळूच म्हणाला. "चाक निघालं तरी मरते. चाकाचा काहीच संबंध नव्हता."

थोड्या वेळानं त्यानं मान न वळवता, मला की तिला कळेना असं, सांगितलं, "ते चाक कधी रुततच नव्हतं. पोकळ मातीत किती रुतनार? मी वर वढाचं सोंग कराचो आन सारा जोर लावून खाली दाबाचो."

"मंग मले माहीत नाई काय?" जुलेखाभाबी म्हणाली. "वर वढनाऱ्याची कंबर दुखते. इतकी वर्षं जत्रा झाली का मी तुमचे खांदे चोळले, कंबर एकडाव तरी चोळली काय?"

हमीदभाऊनं तिच्याकडे पाहिलं. मग शाल नीट लपेटून घेतली आणि ओट्यावर पडलेल्या अक्षयसाठी सगळ्यात आधी टाळी वाजवली.